मराठीत लढाई कुणी सांगितली?

मराठीत युद्धावर मोठं काही लिहिलं गेलं नाही, अशी एक जुनी तक्रार आहे. टॉलस्टॉय, रेमार्क, हेमिंग्वे ही नावं निघाली की ती हमखास होते. अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्या लोकांच्या भाषेत युद्धाची एक थोर कादंबरी का असू नये, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारताना आपण शोधतो कुठे, हेही बघायला हवं. लढाई लढणाऱ्याच्या तोंडून ऐकायची, असा आपला हट्ट असतो. मराठीत लढणाऱ्याने स्वतः फार थोडं लिहिलं. त्याच्या वतीने शाहीर गायला, आणि शाहिराला समोरच्यांच्या अंगात वीरश्री भरायची होती. लढाई माणसाकडून काय काय हिसकावून घेते याचा हिशेब दुसऱ्याच लोकांनी ठेवला: वेढ्यात अडकलेल्या भिक्षुकाने, जात्यावर बसलेल्या बाईने, दुष्काळात दुकान बुडालेल्या वाण्याने, गिरणीतल्या कामगाराने. त्यांना आपण युद्धसाहित्यात धरतच नाही. इथे त्यांना धरून आढावा घेतो आहे, कारण माणूस कशाच्या बळावर तगतो हे मराठीला त्यांनीच अधिक नेमकं सांगितलं, असं माझं ठाम मत आहे.

तरीही सुरुवात शाहिरापासूनच करायला हवी.

उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो अज्ञानदासाचा, अफझलखानाच्या वधावरचा. घटना १६५९ची. शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं त्या पोवाड्यातच येतं. दुसरा तुळशीदासाचा, तानाजी मालुसरे आणि सिंहगडावरचा. तो प्रसंग १६७०चा. पोवाडा वाचायचा प्रकारच नव्हे. डफावर थाप पडते, तुणतुण्याची तार एकाच सुरावर झणझणत राहते, झांज वाजते, मागे उभे राहिलेले झीलकरी शाहिराचा शब्द उचलून धरतात आणि ‘जी जी रं जी’ म्हणत पुढे ढकलतात. शाहीर उंच पट्टीत गातो, मध्येच गाणं थांबवून श्रोत्यांशी भराभर बोलतो, पुन्हा चालीवर येतो. या सगळ्या बांधणीला एक वेग असतो. पडलेल्या माणसापाशी रेंगाळायला तिथे उसंत नसते, कारण डफ थांबला तर सभा थंड होते. शाहिराचं पोट राजाच्या नाहीतर सरदाराच्या कृपेवर, त्यामुळे कोणाचं नाव किती वेळा घ्यायचं हेही ठरलेलं.

पण एवढ्यावरून पोवाड्याला नुसतं वीररसाचं दुकान ठरवणं अन्यायाचं होईल. तानाजीच्या पोवाड्यात किल्ल्यावर चढाई होण्याआधी त्याच्या मुलाचं, रायबाचं लग्न येतं. घरात मांडवाची तयारी आणि बाहेर मोहिमेचं बोलावणं, हा पेच शाहिराने नीट ओळखला होता. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे १९२८ मध्ये य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ काढले. हे संग्रह चाळले की दिसतं, शाहिराने पानिपतही गायलं आहे आणि शनिवारवाड्यातला नारायणरावाचा खूनही. तिथे विजय नाही. तिथे शाहीर घरातल्या बायकांच्या आकांताकडे वळतो, आणि त्या ओळींमध्ये पोवाडा खूप खोल जातो.

१८६९ साली महात्मा फुल्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि नायकच बदलून टाकला. गोब्राह्मणप्रतिपालक छत्रपती बाजूला झाला आणि शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा उभा राहिला. बक्षीस देणारा आश्रयदाता नसताना, लोकांसाठी, स्वतःच्या मताने लिहिलेला पवाडा ही मोठीच घटना होती. अण्णाभाऊ साठ्यांपर्यंत जाणारा रस्ता इथून फुटतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी पानिपत. १४ जानेवारी १७६१ची ही लढाई मराठी मनात किती रुतून बसली आहे ते सांगायला नको. बोलण्यात ‘पानिपत झालं’ म्हणताना कुणाला तारीख आठवावी लागत नाही. पण त्या दिवसाआधीचे दोन-अडीच महिने अधिक महत्त्वाचे आहेत. फौजेबरोबर हजारोंनी यात्रेकरू, बायका, मुलं, बुणगे होते. रसद तुटली होती. जनावरं मरत होती, माणसं उपाशी होती, उत्तरेची थंडी अंगात शिरत होती. शेवटी उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने फौज बाहेर पडली. म्हणजे पानिपतच्या रणात जे शौर्य दिसलं त्याच्या मुळाशी भूक होती. बखरकारांनी हे लपवलेलं नाही. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मध्येही (१९८८) मला सर्वांत पटतात ती छावणीतल्या अन्नान्नदशेची पानं, रणधुमाळीची वर्णनं त्यापुढे ओळखीची वाटतात.

याच लढाईतून एक विशीच्या आतला तरुण जिवानिशी निसटला. पुढे त्याने मराठी राज्याचा कारभार हाकला आणि स्वतःविषयी थोडकं लिहून ठेवलं. नाना फडणीसाचं ते आत्मवृत्त. त्यात तो अंगावरचे कपडे टाकून दिल्याचं, पायी पळाल्याचं, झाडाचा पाला खाल्ल्याचं सांगतो. त्याची आई त्या पळापळीत गेली. इतक्या मोठ्या मुत्सद्द्याने स्वतःला इतक्या उघड्यावाघड्या अवस्थेत कागदावर उतरवावं, ही मला मराठी गद्यातली असामान्य गोष्ट वाटते. तिथे कुठेही शौर्याचा आव नाही. भीती आहे, लाज आहे, आणि तरीही पाय उचलून पुढे टाकणं आहे.

पानिपतच्या दुःखाला शेपूटही लांब होतं. सदाशिवराव भाऊंचं काय झालं याची खात्री घरच्यांना पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतःला विधवा मानायला तयार झाल्या नाहीत. काही वर्षांनी भाऊ असल्याची बतावणी करणारा तोतया उगवला, त्याच्यामागे फौजफाटा गोळा झाला, आणि १७७६ साली त्याला देहदंड देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं, १९१३ साली. इतक्या शहाण्यासुरत्या माणसांनी तोतयावर विश्वास का ठेवला असेल? प्रेत न मिळालेल्या माणसाची घरची मंडळी कशावरही विश्वास ठेवतात, हे आजही कुठल्याही बेपत्ता सैनिकाच्या घरी जाऊन बघता येईल.

पण या सगळ्या आढाव्यात एकच पुस्तक निवडायला सांगितलं, तर मी विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’ निवडेन.

पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल असं कळलं म्हणून काकांबरोबर निघाला. साल १८५७. वाटेतच बंडाची बातमी लागली, आणि जो दक्षिणा मिळवायला निघाला होता तो सरळ झाशीच्या वेढ्यात जाऊन पडला. १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतलं तेव्हा गोडसे भटजी आत होते. तोफांचे गोळे रात्री कसे दिसत, पाण्याची काय दैना झाली, शहर पडल्यावर कत्तल कशी झाली, घराघरांतून धूर कसा निघत होता, प्रेतांची दुर्गंधी कशी पसरली, हे त्यांनी लिहिलं आहे. लुटीचं वर्णन अंगावर काटा आणतं, कारण ती शिस्तीत झाली: आधी सोनं-रुपं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडा, मग धान्य. घर कसं पायरीपायरीने नागवलं जातं हे कळायला युद्धशास्त्राचा कुठलाही ग्रंथ इतका उपयोगी पडणार नाही.

पुढे काळपीच्या बाजूला, विहिरीपाशी, त्यांची राणी लक्ष्मीबाईंशी गाठ पडते. पुरुषी वेशातली, धुळीने माखलेली, तहानेलेली राणी. तिने ओंजळीने पाणी प्यायलं. राणीवर शेकडो कविता झाल्या, घोड्यावरची तिची चित्रं घराघरांत आहेत, पण माझ्या मनात राणी म्हटलं की हीच येते. हरण्याच्या काठावर उभी असलेली, अंगातलं त्राण गेलेली आणि तरी पुढच्या मुक्कामाला निघालेली बाई. तिला पाणी पिताना पाहणारा माणूस तिथे होता आणि त्याला लिहिता येत होतं, हे मराठीचं भाग्य.

आणि स्वतः गोडसे? कमावलेलं पुन्हापुन्हा लुटलं गेलं. जीव जायची वेळ अनेकदा आली. पण आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन ते वरसईला परतले. तलवार हातात न धरलेल्या माणसाचं हे धैर्य आहे, आणि ते सांगताना त्यांचा सूर एकदाही चढत नाही. हे लेखन चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने झालं आणि १९०७ साली छापलं गेलं. वैद्यांनी त्या वेळी भाषेवर बराच हात फिरवला. मूळ प्रतीवरून दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ साली आवृत्ती सिद्ध केली. ज्यांनी फक्त जुनी आवृत्ती वाचली असेल त्यांनी मूळ जरूर बघावं. तिथे भटजींचा खराखुरा, घरगुती, अडखळणारा आवाज ऐकू येतो.

आता जात्याकडे वळू.

ओवी आणि पोवाडा यांत संगीताच्या अंगाने मोठा फरक आहे. पोवाड्याला सभा लागते. ओवीला कुणीच लागत नाही. पहाटे घर झोपलेलं असताना दोघी जणी समोरासमोर बसतात, खुंटा धरतात, जातं फिरू लागतं, आणि त्या घरघरीवर एकीने ओळ टाकायची, दुसरीने पुढची. आवाज मोठा करायचा नाही, नाहीतर सासू उठेल. समोर खूश करायला राजा नाही, गर्दी नाही. म्हणून ओवीत खोटं बोलायचं कारणच उरत नाही. नवऱ्याचा मार, माहेरची आठवण, न पिकलेलं शेत, मेलेलं मूल, हे सगळं तिथे उजळ माथ्याने येतं.

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. त्यानंतरचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांचं. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकावर साठा उभा केला आणि अलीकडे ‘परी’ या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणल्या. या साठ्यात सीतेचा वनवास हा फार मोठा विषय आहे. रामायण खरं तर युद्धाचं काव्य. सेतू, लंका, इंद्रजित, कुंभकर्ण. जात्यावरच्या बायकांनी त्यातलं युद्ध जवळजवळ सोडून दिलं आणि वनवास उचलला. गरोदर बाईला रानात टाकलं, तिने तिथे बाळंतपण केलं, मुलं वाढवली: त्यांना रामायणात हे महत्त्वाचं वाटलं. सीता त्यांची देवी आहेच, पण ओवीत ती शेजारीण होते. हे निव्वळ रडगाणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ध्वनिमुद्रणं ऐकावीत. ठेका ढळत नाही. दळण पुरं व्हायलाच हवं असतं.

दुष्काळ हेही आपल्याकडे युद्धच. ‘अस्मानी सुलतानी’ हे दोन्ही संकटांचं जोडनाव लोकांनी उगाच पाडलेलं नाही. १६३०च्या सुमाराला दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि पहिली बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे, तेही अगदी मोजक्या शब्दांत. मराठीतली फार मोठी कविता त्या दिवाळखोरीनंतरची आहे. तुकोबांची सहनशीलता म्हणजे सोशिकपणा असं आपल्याला शाळेत शिकवतात. मला ते पटत नाही. ते देवाशी भांडतात, त्याला शिव्या घालतात, त्याच्याकडे हक्काने हिशेब मागतात. सोसणं आणि गप्प बसणं यात त्यांनी फरक केला.

बहिणाबाई चौधरींचं असंच. निरक्षर शेतकरीण, भर तारुण्यात वैधव्य आलं, आणि खानदेशातल्या मातीत राबता राबता त्यांनी गाणी रचली. मुलगा सोपानदेवांनी ती टिपून ठेवली, १९५२ साली पुस्तक निघालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांच्या वैधव्याच्या कवितेत कपाळ पुसलं गेल्याच्या दुःखाइतकाच, उरलेल्या आयुष्याला आपल्या मनगटावर भरवसा ठेवून सामोरं जाण्याचा निश्चय आहे. पोवाड्यातल्या मनगटात तलवार असते, इथे नाही. एवढाच काय तो फरक.

तुरुंगाबद्दल थोडक्यात सांगतो. टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. रणांगणावर सांगितलेला ग्रंथ दोघांनी गजाआड बसून उलगडला. टिळकांना त्यात कर्माची हाक ऐकू आली, विनोबांना माणसाच्या आतलं कुरुक्षेत्र दिसलं. पुढच्याच वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस तिथे बसून लढ्याबद्दल लिहीत नाही, कोकणातल्या एका गरीब बाईच्या स्वाभिमानाबद्दल लिहितो. आपलं बळ कुठून आलं याचा शोध त्यांना तिथवर घेऊन गेला असणार.

१९३९ ते १९४७ ही वर्षं मराठीसाठी विलक्षण ठरली. दुसरं महायुद्ध आपल्या अंगणात झालं नाही, तरी त्याची धग इथे पोचली आणि तीन अगदी वेगळ्या लेखकांना ती लागली.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हुसकावलेले ज्यू, आणि परतणारा एक मराठी तरुण चक्रधर. हॅर्टा नावाच्या ज्यू मुलीचं आणि त्याचं प्रेम जुळतं. मुंबईला तो उतरतो. ती पुढे पूर्वेकडे जाते, कारण तिला कुठलाच देश घ्यायला तयार नाही. कादंबरीत एकही गोळी सुटत नाही. छोटीशी कादंबरी, पण निर्वासित होणं म्हणजे काय हे तिने इतक्या लवकर ओळखलं की आजही वाचताना दचकायला होतं. चक्रधरचा दुबळेपणा बेडेकरांनी झाकला नाही, ही तिची सर्वांत मोठी ताकद. ज्याच्यावर कसलाही हल्ला झालेला नाही असा माणूस घाबरतो, आणि जिचं सगळं गेलं ती धीटपणे प्रेम करते.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या. पिपातल्या उंदरांची कविता त्यांतलीच. महायुद्धानंतरचं यंत्रमय, किड्यामुंग्यांचं जग मराठी छंदात, कधी अगदी संतांच्या अभंगाच्या चालीवर बसवून त्यांनी लोकांना हादरवलं. अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांकडे दिलासा फार नाही. पण संतांचा छंद त्यांनी सोडला नाही, यातच मला त्यांची श्रद्धा दिसते.

आणि अण्णाभाऊ साठे. वाटेगावचा मातंग कुटुंबातला मुलगा, शाळा नावापुरती, घरच्यांबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत आणि मिळेल तिथे राबलेला. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिला. व्होल्गा त्यांनी पाहिली नव्हती. रशियाला ते गेले थेट १९६१ साली. पण कारखान्यांचं शहर वेढ्यात सापडलं आहे आणि कामगार ते सोडत नाहीत, हे गिरणगावाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. अज्ञानदासाचा डफ, फुल्यांचा नवा नायक आणि लालबाग-परळचा श्रोता, असे तीन काळ त्या रचनेत एकत्र आले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन सुरू झालं.

मला त्याहून मोठी वाटते ती ‘बंगालची हाक’. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. कुठलाही शत्रू चाल करून आला नव्हता. युद्धाच्या धामधुमीत भाव कडाडले, धान्य गरिबांपर्यंत पोचलं नाही आणि सरकारने हात वर केले. त्या भुकेवर मुंबईच्या शाहिराने पोवाडा केला. तोवर पोवाडा मुख्यतः सरदारांच्या मरणावर होत असे. निनावी, भुकेल्या, लढूही न शकलेल्या माणसांच्या मरणावर डफ वाजला, आणि जात्यावरचं दुःख चौकात आलं. मी वर जे दोन प्रवाह वेगळे काढले ते इथे एकमेकांत मिसळतात.

नंतरच्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ या छक्कडीने तेच केलं. गावात बायको सोडून मुंबईला पोट भरायला आलेल्या माणसाची विरहाची लावणी, आणि बघता बघता ती बेळगाव-कारवार तुटल्याच्या दुःखाशी जोडली जाते. शंभराहून अधिक माणसं ज्या चळवळीत गेली तिचं गाणं एका मजुराच्या घरगुती ताटातुटीवर उभं आहे. ते टिकलं याचं कारण हेच. नुसत्या मागणीचं गाणं मागणी पुरी झाली की विसरलं जातं. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिचा नायक लढवय्या आहे, पण त्याच्या बंडाचं कारण उपाशी गाव. तो खजिना आणि धान्य लुटतो ते भुकेल्यांसाठी. पानिपतच्या छावणीतली भूक इथे दोनशे वर्षांनी स्वतःहून हत्यार उचलते.

याच काळात वामनदादा कर्डक गाऊ लागले होते. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या असंख्य भीमशाहिरांच्या गाण्यांतून लढाईचा आणखी एक इतिहास लोकांच्या तोंडी आला. कोरेगाव भीमाची १ जानेवारी १८१८ची लढाई पाठ्यपुस्तकाला एका ओळीची होती. भीमगीतांत ती आत्मसन्मानाची गोष्ट झाली. आणि १९८६ साली बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तकं आली, तेव्हा ओवीतली बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावाने गद्यात बोलली. बेबीताई भुकेबद्दल लिहितात, तसंच घरातल्या पुरुषांनी केलेल्या जुलमाबद्दलही लिहितात. आपल्या माणसांविरुद्ध साक्ष देणं शत्रूविरुद्ध उभं राहण्याइतकंच अवघड असतं. मी तर म्हणेन, अधिक अवघड.

सुगम संगीतातली दोन उदाहरणं सांगून हा धागा पुरा करतो. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर, २७ जानेवारी १९६३ला, दिल्लीत लताबाईंनी प्रदीप यांचं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे हिंदी गाणं गायलं. चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. दुसरं ‘शिवकल्याण राजा’, १९७४, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचं, हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातलं. त्यात कुसुमाग्रजांची सात वीरांवरची कविता आहे. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार नेसरीच्या खिंडीत, २४ फेब्रुवारी १६७४ला, मरण ठाऊक असताना शत्रूवर तुटून पडले. एखादा पोवाडेकार हे गर्जून गायला असता. इथे ते बाईच्या आवाजात आहे आणि त्यामुळे अर्थच पालटतो. घोडे दौडत जातात, पण आपण उभे असतो मागे राहिलेल्यांच्या बाजूला. दोन्ही गाणी देशभक्तीची म्हणून वाजवली जातात. मला ती मुळात शोकगीतं वाटतात, आणि लोकांच्या मनात ती इतकी वर्षं राहिली ती त्या शोकामुळे.

दुष्काळाची गोष्ट थांबलेली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) शेवट दुष्काळाने उठलेल्या गावाचा आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला (२००२) साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा विदर्भातले शेतकरी आत्महत्या करत होते. या कादंबऱ्या वाचताना मला सारखं वाटतं, की आपल्याकडची युद्धाची कादंबरी खरं तर शेतकऱ्याची कादंबरी आहे.

राहिली मूळ तक्रार. ती एका ठिकाणी खरी आहे. मराठी सैनिक दोन्ही महायुद्धांत लढले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. पुढच्या वर्षी इटलीतच सेनिओ नदीकाठी नामदेव जाधवांना तोच सन्मान मिळाला. मेसोपोटेमियात, इटलीत, ब्रह्मदेशात आपली माणसं गेली, पण त्यांच्या नजरेतून लिहिलेलं, मराठीत नावाजलेलं पुस्तक आपण दाखवू शकत नाही. ही उणीव कादंबरीकारांच्या प्रतिभेवर ढकलणं सोपं आहे. कारण साधं आहे: त्या सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलंच नाही.

राईरकर आणि पॉइतवां यांनी जात्यावरच्या ओव्यांसाठी जे केलं ते सैनिकांच्या घरांसाठी मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं. मनीऑर्डरची वाट बघितलेल्या सासवासुना, तार घेऊन आलेला पोस्टमन आठवणाऱ्या म्हाताऱ्या, रजेवर आलेल्या नवऱ्याने काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही ते जाणणाऱ्या बायका अजून सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीच्या गावांत आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या हाती ध्वनिमुद्रक देऊन त्यांना तिथे पाठवावं. अपशिंग्यापासून सुरुवात करता येईल.